‘वय झालं’ म्हणण्याआधी

भारतातील प्रौढांच्या आणि वृद्धांच्या जगण्याची सर्वांत मोठी पाहणी २०१७-१८ मध्ये झाली. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने तिचे संयोजन केले. ‘लासी’ या आद्याक्षरी नावाने ती ओळखली जाते. ४५ वर्षांवरील ७२,००० हून अधिक माणसांना भेटून केलेल्या या पाहणीत दोन आकडे असे आहेत की या विषयाची सुरुवात तिथूनच करावी. ६० वर्षांवरील लोकांपैकी ०.८ टक्के जणांनी सांगितले, आपल्याला नैराश्याचे निदान झालेले आहे. त्याच वयोगटाला लक्षणांचे ठरावीक प्रश्न विचारून पाहिले, तेव्हा ८.३ टक्के लोकांत हा आजार संभवतो असे दिसले. म्हणजे आजार असण्याची शक्यता असलेल्या दहांमागे जेमतेम एकाला त्याचे नाव कळलेले आहे.

उरलेले नऊ जण कुठे असतात? त्यांतले बरेचसे दवाखान्यातच असतात. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या न्यायला ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत येतात. गुडघे धरले म्हणून गावातल्या डॉक्टरांकडून इंजेक्शन घेऊन जातात, झोपेची गोळी मागतात, रक्त तपासून घेतात. त्यांचा केसपेपर जाडजूड झालेला असतो आणि त्यात मनाविषयी एक ओळही नसते. वृद्धांमधील नैराश्य पहिल्या पायरीवरच्या दवाखान्यात कसे ओळखावे, हा ज्या अभ्यासक्षेत्राचा विषय आहे, त्याचा सगळा जीव या जाडजूड केसपेपरांत अडकलेला आहे. त्या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याचे, समुदाय आरोग्य अधिकाऱ्याचे, परिचारिकेचे, विद्यार्थ्याचे आणि जिज्ञासू वाचकाचेही मनापासून स्वागत.

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड गोल्डबर्ग आणि त्यांचे सहकारी पीटर हक्सली यांनी १९८० मध्ये एक मांडणी केली, ती आजही उपयोगी पडते. समाजातला मानसिक आजार तज्ज्ञापर्यंत पोहोचण्याआधी एकापाठोपाठ एक चाळण्यांतून जातो, असे त्यांचे म्हणणे. माणूस मुळात डॉक्टरकडे जातो का, ही पहिली चाळणी. डॉक्टरच्या ते लक्षात येते का, ही दुसरी. मग पुढे पाठवणे, मग भरती होणे. तरुण माणूस बहुधा पहिल्याच चाळणीत अडकतो, कारण तो दवाखान्यात येतच नाही. आपल्याकडच्या वृद्धाने पहिली चाळणी दुसऱ्याच कशासाठी तरी कधीच ओलांडलेली असते. मधुमेहाने त्याला डॉक्टरसमोर आणून बसवलेले असते. तो अडतो दुसऱ्या चाळणीत. म्हणून या आजाराच्या निदानाची सर्वांत चांगली संधी पहिल्या डॉक्टरकडे असते. मानसोपचारतज्ज्ञाला ती फार क्वचित मिळते.

या क्षेत्राचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत म्हातारपणी बिघडलेले मन म्हणजे झिजलेला मेंदू, असेच बहुतेक डॉक्टर मानत. १९५५ मध्ये मार्टिन रॉथ यांनी इंग्लंडमधल्या ग्रेलिंगवेल रुग्णालयातील वृद्ध रुग्णांचा पुढचा प्रवास तपासून दाखवला, की नैराश्याच्या रुग्णांची वाट स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपेक्षा अगदी वेगळी असते: ते मोठ्या संख्येने बरे होऊन घरी जातात, आणि दुसऱ्या गटातले बहुतेक दोन वर्षांत दगावतात. एकाच वयाच्या, वरवर सारख्या दिसणाऱ्या माणसांत बरा होणारा आजार लपलेला आहे, ही त्या वेळी मोठी बातमी होती. १९६४ मध्ये एडिंबरा येथे जेम्स विल्यमसन आणि सहकाऱ्यांनी वृद्धांना त्यांच्या घरी जाऊन तपासले. नैराश्य असलेल्यांपैकी बहुतेकांबाबत त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना कल्पनाच नव्हती. भारतात मदुराईच्या ए. वेंकोबा राव यांनी वृद्धांच्या मानसिक आरोग्याच्या अभ्यासाची पायाभरणी केली. एडिंबऱ्याचा तो निबंध आज वाचताना वाईट वाटते, कारण त्यातले वर्णन अजून जुने झालेले नाही.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. म्हातारपणचे नैराश्य दिसते कसे?

पाठ्यपुस्तकातली पहिली ओळ उदास मनाची असते. सत्तरीतल्या माणसाच्या तोंडून ती ओळ सहसा येत नाही. त्याच्याकडून येते ते असे: अंग मोडून येतं, हातपाय गळून जातात, डोकं भणभणतं, छातीत धडधडतं, पोट साफ होत नाही, अन्नावर वासना नाही, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. यातली प्रत्येक तक्रार खरी असते. ती व्यक्ती काही लपवत नसते की बहाणा करत नसते. तिला आजार जिथे जाणवतो तिथे ती बोट ठेवते. अमेरिकेतील जोसेफ गॅलो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘उदासीविना नैराश्य’ असे या रूपाचे वर्णन केले. दुःख नाकारणाऱ्या, पण झोप, भूक, उत्साह आणि आशा हरवलेल्या वृद्धांना पुढच्या काळात कामधामाला आणि चालण्याफिरण्याला मुकण्याचा धोका अधिक असतो, हे त्यांनी दाखवले.

म्हणून रुग्ण ‘मला वाईट वाटतं’ असे म्हणेल याची वाट पाहू नये. काय बंद पडले आहे ते शोधावे. रोज संध्याकाळी हरिपाठाला जाणाऱ्या आजी जायच्या बंद झाल्या आहेत का? पारावर बसून पेपर वाचणारे आजोबा आता घराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडून असतात का? नातवाचा फोन आला की धावणारी बाई ‘सांग, झोपलीय म्हणून’ असे म्हणू लागली आहे का? औषधाच्या गोळ्या उरू लागल्या आहेत का? शुगर वर्षभर ताब्यात होती आणि तीन महिन्यांत अचानक बिघडली, तर औषध वाढवण्याआधी घरात आणि मनात काय बदलले हे विचारायला हवे. मधुमेह असलेल्यांत नैराश्याचे प्रमाण सुमारे दुप्पट असते, आणि पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी साधारण एकतृतीयांश लोकांना नैराश्य येते. या दोन गटांतल्या वृद्धांना मनाविषयी न विचारता घरी पाठवणे म्हणजे तपासणी अर्धीच सोडणे.

चिडचिड हेही एक रूप आहे, आणि पुरुषांत ते फार वेळा नजरेतून सुटते. घरचे लोक सांगतात, ‘यांचा स्वभावच असा झालाय.’ साठ वर्षे शांत असलेला स्वभाव सहा महिन्यांत बदलत नसतो. इथे सोबत आलेल्या सुनेचे किंवा मुलाचे ऐकावे, पण रुग्णाशी थोडा वेळ एकट्यानेही बोलावे. सुनेसमोर सासू काय सांगणार आणि सासूसमोर सून काय सांगणार!

ही लक्षणे डॉक्टरांना दिसत नाहीत असे नाही. पुष्कळदा दिसतात, आणि त्यांचे कारणही लगेच सापडते. या क्षेत्रातला सर्वांत मोठा अडथळा माझ्या मते नेमका तोच आहे. नवरा गेला, मुलगा पुण्याला नाहीतर न्यू जर्सीला, एका डोळ्यात मोतीबिंदू, गुडघ्यांनी जिना बंद केला. अशा बाईला वाईट वाटणारच, असे आपण मनाशी म्हणतो, आणि त्या सहानुभूतीच्या वाक्यातच निदान विरून जाते. मोटारसायकलवरून पडून हाड मोडले, तर मोडण्याचे कारण कळले म्हणून कोणी प्लास्टर टाळत नाही. मनाच्या बाबतीत मात्र कारण समजले की उपचाराची गरज संपली, असे शिकलेली माणसेही धरून चालतात.

‘वय झालं, आता असं व्हायचंच’ हे वाक्य तर साध्या आकड्यांपुढेही टिकत नाही. सुरुवातीला दिलेला ८.३ टक्क्यांचा आकडा उलट बाजूने वाचा. ६० वर्षांवरील नव्वदहून अधिक टक्के लोकांत हा आजार दिसला नाही. त्यांचेही जोडीदार गेलेले आहेत, गुडघे दुखतात, मुले दूर आहेत. नैराश्य हा वयाचा भाग असता तर हे कसे झाले असते?

शोक आणि नैराश्य यांतली सीमा खरोखर अवघड आहे, आणि तिथे नम्रताच हवी. शोक लाटांसारखा येतो. मधल्या वेळात माणूस गेलेल्याची आठवण सांगताना हसतोसुद्धा, चार घास खातो, भेटायला आलेल्याला बरे वाटू देतो. नैराश्यात ही उघडझाप थांबते. स्वतःबद्दलची घृणा, ‘मी सगळ्यांना ओझं झालेय’ हा ठाम समज, कशातच गोडी न उरणे, आणि हे सगळे दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसाचा बहुतेक वेळ राहणे, ही आजाराची खूण. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथात पूर्वी अशी तरतूद होती, की जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत सहसा नैराश्याचे निदान करू नये. २०१३ च्या आवृत्तीतून ती काढली. त्यावर मोठा वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही. मला वाटते, तारखेकडे पाहून निदान टाळणे आणि तारीख न विचारता गोळी लिहिणे, दोन्ही सारखेच चुकीचे.

साधनांविषयी आता बोलायला हवे, कारण नव्याने येणाऱ्याला पहिले आकर्षण त्यांचेच असते. दोन प्रश्नांची चाचणी सर्वांत लहान: गेल्या दोन आठवड्यांत कामात किंवा इतर गोष्टींत रस किंवा आनंद वाटला नाही, असे किती वेळा झाले, आणि उदास, निराश वाटले असे किती वेळा झाले. दोन्ही मिळून ६ गुण, त्यांतले ३ किंवा अधिक आले की पुढे चौकशी करायची. आशाताई घरोघरी जाऊन ३० वर्षांवरील व्यक्तींसाठी जो ‘सीबॅक’ फॉर्म भरतात, त्याच्या सुधारित नमुन्यात हे दोन प्रश्न आहेत. म्हणजे कागदावर तरी ही विचारपूस महाराष्ट्राच्या गावागावांत पोहोचलेली आहे. फॉर्म भरून घेण्याच्या घाईत ती खरोखर विचारपूस राहते का, हे पाहणे आपल्या हातात आहे. नऊ प्रश्नांची ‘पीएचक्यू-९’ ही या दोन प्रश्नांच्या चाचणीची मोठी बहीण, आजाराची तीव्रता आणि उपचाराचा परिणाम मोजायला चांगली.

खास वृद्धांसाठीची मापनश्रेणी जेरोम येसावेज आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केली. मूळ ३० प्रश्न, १९८६ मध्ये तिची १५ प्रश्नांची लहान आवृत्ती. उत्तर फक्त हो किंवा नाही, त्यामुळे न शिकलेल्या माणसालाही जमते. तिच्यात झोप, भूक, दुखणे यांचे प्रश्न मुद्दाम ठेवलेले नाहीत, कारण ती लक्षणे वयामुळे किंवा इतर आजारांमुळेही येतात. विचार योग्य आहे. पण आपला वृद्ध ज्या तक्रारी घेऊन दारात येतो, त्याच या श्रेणीत नाहीत, हे लक्षात ठेवावे. तक्रार ऐकून संशय आला तर श्रेणी वापरावी. श्रेणी हातात घेऊन तक्रारीकडे दुर्लक्ष करू नये. शिवाय तिच्यातला ‘बाहेर पडण्यापेक्षा घरीच राहावंसं वाटतं का’ हा प्रश्न घ्या. ज्या बाईला गुडघ्यांमुळे अंगण ओलांडता येत नाही, ती ‘हो’च म्हणणार. ते उत्तर मोजायचे कसे, हे प्रश्न विचारणाऱ्याच्या शहाणपणावर अवलंबून आहे.

आणखी एक गोष्ट फार कमी सांगितली जाते. ॲलेक्स मिचेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये ४१ अभ्यासांतील ५०,००० हून अधिक रुग्णांची आकडेवारी एकत्र मांडली. सर्वसाधारण डॉक्टर सुमारे निम्मे नैराश्य ओळखतात, एवढेच त्यातून सर्वत्र सांगितले जाते. पण हिशेब पुढे असा आहे: १०० रुग्णांत २० जणांना नैराश्य असेल, तर डॉक्टर १० जणांना ओळखतो, १० जणांना चुकवतो, आणि १५ जणांना आजार नसताना तो आहे असे मानतो. म्हणून एका भेटीत, एका गुणसंख्येवरून शिक्का मारू नये. दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावणे ही या क्षेत्रातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वापरलेली तपासणी आहे. जगभरातील पहिल्या पायरीच्या डॉक्टरांच्या भेटींची लांबी मोजणारा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारतातली भेट सुमारे २ मिनिटांची निघाली, स्वीडनची २२.५ मिनिटांची. दोन मिनिटांत निदान होत नाही, हे मान्य. पण महिन्याला येणाऱ्या रुग्णाच्या बारा भेटी मिळून वर्षात जी ओळख होते, ती कुठल्याही तज्ज्ञाच्या एका तासापेक्षा कमी मोलाची नाही.

नैराश्यासारख्या दिसणाऱ्या गोष्टी तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही. थायरॉइड मंदावणे, रक्त कमी असणे, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता (आपल्याकडच्या शाकाहारी वृद्धांत ती विशेष पाहावी), पार्किन्सनची सुरुवात, स्टिरॉइडच्या गोळ्या, दारू. ऐकू न येणारा माणूस प्रश्नाला उत्तर देत नाही म्हणून उदास ठरतो. आधी कानाकडे पाहा. चार दिवसांत अचानक सुस्तावलेला, मधूनच बरळणारा वृद्ध नैराश्याचा नसून जंतुसंसर्गाचा किंवा सोडियम घटल्याचा रुग्ण असू शकतो, आणि तिथे वेळ दवडता येत नाही. स्मृतिभ्रंशाशी होणारी गल्लत सर्वांत नाजूक. नैराश्यातला रुग्ण ‘मला काही आठवत नाही’ अशी तक्रार स्वतः करतो आणि प्रयत्न सोडून देतो. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण पुष्कळदा विसरणेच विसरतो, काळजी घरचे करतात. हा नियम उपयोगी आहे, पक्का नाही. दोन्ही आजार एकाच माणसात असतात, आणि उतारवयात पहिल्यांदाच आलेले नैराश्य कधी कधी स्मृतिभ्रंशाची पहिली चाहूल ठरते. अशा रुग्णाला बरे वाटू लागल्यावरही स्मरणशक्तीकडे लक्ष ठेवावे.

‘आता देवानं न्यावं बाबा.’ आपल्या घरांत हे वाक्य इतके ऐकू येते की त्यावर कोणी मान वर करत नाही. पुष्कळदा त्यात तृप्ती असते: सगळे पाहून झाले, नातवंडांचे संसार लागले, आता निघायला हरकत नाही. कधी त्यात असह्य यातना असते. बाहेरून दोन्ही सारखीच ऐकू येतात, म्हणून विचारावेच लागते, आणि पायरीपायरीने विचारावे. जगणं नकोसं वाटतं का? मरण यावं असं मनात येतं का? स्वतःच काही करून घ्यावं असा विचार आला होता का? कसं करायचं तेही ठरवलं होतं का? असे विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, ही भीती अनाठायी आहे. बहुतेकांना कोणीतरी विचारले याचेच हायसे वाटते. वृद्ध माणूस जेव्हा असा प्रयत्न करतो, तेव्हा तो जिवावर बेतण्याची शक्यता तरुणांपेक्षा खूप जास्त असते. उत्तर ‘हो’ असेल तर त्याला एकटे सोडू नये, घरातले कीटकनाशक आणि साठवलेल्या गोळ्या त्याच दिवशी दूर करायला सांगाव्यात, आणि तज्ज्ञाशी त्याच दिवशी बोलावे. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे.

ओळखून करायचे काय, हा प्रश्न ओपीडीत बसलेला माणूस रास्तपणे विचारतो. अमेरिकेतील ‘इम्पॅक्ट’ या २००२ च्या अभ्यासात ६० वर्षांवरील १,८०१ रुग्ण होते. नेहमीच्या दवाखान्यातच एका प्रशिक्षित काळजी-समन्वयकाने डॉक्टरसोबत त्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा वर्षाअखेर ४५ टक्के रुग्णांची लक्षणे निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाली. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण १९ टक्के होते. आपल्या शेजारी गोव्यात याहून बोलके काम झाले आहे. विक्रम पटेल आणि ‘संगत’ संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी २४ दवाखान्यांत ‘मानस’ हा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट शिकवून तयार केलेल्या स्थानिक समुपदेशकांच्या मदतीने सरकारी केंद्रांतील ६५.९ टक्के रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले. तुलनेच्या गटात ४२.५ टक्के. पुढे २०१७ मध्ये गोव्यातच तीव्र नैराश्यासाठीच्या समुपदेशनाचा गाजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला, पण त्यात वयाची मर्यादा ६५ वर्षांपर्यंत होती. जगभरच्या संशोधनात वृद्ध असेच दाराबाहेर राहतात.

ही उणीव भरून काढणारे काम २०१९ मध्ये आले, तेही गोव्यातून. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी साठीच्या पुढच्या १८१ जणांना निवडले. मन अस्वस्थ, पण अजून पूर्ण आजार नाही, अशी ही माणसे. समुपदेशकांनी त्यांतल्या एका गटाला अडचणी एकेक करून सोडवायला शिकवले, झोपेची घडी बसवून दिली, मधुमेह-रक्तदाबाची काळजी समजावली, आणि हक्काच्या सरकारी योजनांपर्यंत पोहोचायला मदत केली. वर्षभरात नैराश्याचा आजार जडला तो या गटात ४.४ टक्क्यांना, दुसऱ्या गटात १४.४ टक्क्यांना. संख्या लहान आहे, हे मान्य करूनही मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो. पेन्शनचा अडकलेला अर्ज मार्गी लावणे हा मानसिक आरोग्याचा उपचार असू शकतो, हे त्याने उपचाराच्या आराखड्यातच लिहून ठेवले.

औषधांबद्दल एवढेच, की कमी मात्रेने सुरुवात करावी, हळू वाढवावी, आणि गुण यायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात हे घरच्यांना आधीच सांगावे. जुन्या ट्रायसायक्लिक गोळ्यांनी वृद्धांना लघवी अडणे, चक्कर येऊन पडणे असे त्रास होतात. नव्या गोळ्यांनी, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्यांसोबत, सोडियम घटू शकते. मनाचे दुखणे आहे हे कळले की झोपेची गोळी लिहून मोकळे होणे हा मात्र उपचार नाही. त्या गोळीने वृद्ध पडतात आणि खुब्याचे हाड मोडून घेतात.

बरेच काम बाकी आहे. ऐंशीच्या पुढच्यांसाठी, बहिऱ्यांसाठी, कधीच शाळेत न गेलेल्यांसाठी आपली साधने किती खरी ठरतात, हे महाराष्ट्रातल्या दवाखान्यांतून तपासले पाहिजे. ऊसतोडीला घरची कर्ती माणसे गेल्यावर मराठवाड्यातल्या वाड्यावस्त्यांवर मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे सहा महिने कोण पाहते, हा प्रश्न कुठल्याही श्रेणीत बसत नाही आणि तरी तो आपलाच आहे. त्यासाठी मोठे अनुदान किंवा मानसोपचाराची पदवी हातात येईपर्यंत थांबू नका. तुमच्या केंद्रातल्या साठीच्या पुढच्या प्रत्येक रुग्णाला या महिन्यापासून ते दोन प्रश्न विचारा, उत्तरे केसपेपरवर लिहा, आणि ज्यांची काळजी वाटते त्यांना दोन आठवड्यांनी पुन्हा बोलवा.